पोस्टरवर सगळे चेहरे हवेतच का?

ताई, नमस्कार.

आम्ही चित्रपटकला शिकणारे विद्यार्थी. २४ मिनिटांचा एक कौटुंबिक चित्रपट पूर्ण केला आहे. व्हायोलिन शिकणारा मुलगा आणि हळूहळू ऐकू येईनासं झालेली त्याची आई, अशी गोष्ट. त्यात आई व्हायोलिनच्या लाकडावर तळहात ठेवून सूर ओळखते असा प्रसंग आहे, तिथे बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. पोस्टर, पोस्टकार्ड आणि दोन घड्यांचं माहितीपत्रक करायचं काम माझ्याकडे आलं, कारण ग्रुपमध्ये सॉफ्टवेअर मला येतं. पहिलं पोस्टर मी आई आणि मुलाचंच केलं होतं. मग सूचना सुरू झाल्या. वडील हवेत, शिक्षिका हवी, शेजारीण हवी. आता सात चेहरे झालेत, मागे रात्रीचं आकाश आहे, कोपऱ्यात महोत्सवांची पानं, म्हणजे पानांच्या महिरपीतली त्यांची चिन्हं, आहेत. परवा ए-थ्री आकारात नमुना छापून आणला तर निम्मं पोस्टर काळं. स्क्रीनवर मात्र छान दिसतं. दिग्दर्शक म्हणतो आईचा चेहरा मोठा कर, निर्माती म्हणते नाव मोठं कर. पहिलं प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलंय आणि मला ती फाइल उघडावीशीही वाटत नाही. कुठून सुरुवात करू? चित्रपटाचं नाव कृपया छापू नका.

– पोस्टरवाली

प्रिय पोस्टरवाली,

नवी, कोरी फाइल उघड. जुनी जपून ठेव, पण तिला आता हात लावू नकोस. सात चेहऱ्यांतला एखादा मोठा आणि एखादा लहान करून हे पोस्टर सुधारणार नाही, कारण गाडं मांडणीत अडलेलं नाही. हे पोस्टर कोणी पाहायचं आणि पाहून त्याच्या मनात काय यायला हवं, हे ठरण्याआधीच प्रत्येकाने त्यात आपापली भर घातली. जे सगळ्यांनी बसून ठरवायचं ते ठरलंच नाही आणि त्याचा सगळा भार सॉफ्टवेअर येणाऱ्या एकटीवर पडला.

तुमच्यातलं कोणीही ते पोस्टर बघतं तेव्हा त्याला चित्रपट आठवतो. वडील दिसले की वडिलांचा प्रसंग, शेजारीण दिसली की तिचा संवाद. भिंतीसमोरून जाणाऱ्या माणसाला यातलं काहीच आठवणार नाही. त्याच्या लेखी ती सात अनोळखी माणसं. व्यावसायिक चित्रपटाच्या पोस्टरवर चेहऱ्यांची रांग लागते ती ते चेहरे लोकांच्या ओळखीचे असतात म्हणून. शिवाय कोणाचा चेहरा किती मोठा आणि कोणाचं नाव आधी हे बरेचदा करारातच लिहिलेलं असतं. तुमच्यावर असलं कुठलंच बंधन नाही. पैशांची चणचण असलेल्या विद्यार्थी चित्रपटाला ही एक मोकळीक फुकट मिळालेली असते, ती सोडू नकोस.

कौटुंबिक गोष्टीचं पोस्टर तसंही अवघडच. भयपटाला अंधार आणि एक अर्धवट उघडं दार पुरतं, विनोदी चित्रपटाला भडक रंग. बघणाऱ्याला क्षणात कळतं की हा कसला चित्रपट. तुमच्या गोष्टीला अशी ठरलेली खूण नाही. इथे दोन माणसांमधलं काहीतरी दाखवावं लागतं, आणि तेही इतकंच की बघणारा थबकावा. ते चित्र तुझ्या पत्रातच आहे, तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस. आईचा तळहात व्हायोलिनच्या लाकडावर. वाजवणारा कोण, हात कोणाचा, आणि वाजत्या वाद्यावर असा हात का ठेवलाय? चित्रपट न पाहिलेल्या माणसाला हे प्रश्न पडतात. शीर्षक वाचलं की अर्धं उत्तर मिळतं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी तो येऊन बसतो. सात चेहरे पाहून कोणालाच कुठला प्रश्न पडत नाही.

मुलाची हनुवटी आणि खांदा कडेला, थोडे धूसर असले तरी पुरे. आईचा चेहरा मुळीच नसला तरी चालेल असं मला वाटतं. दिग्दर्शकाला तो हवाच असेल तर डोळे मिटलेली आई बाजूने घेऊन बघा. दोन्ही छायाचित्रं काढा, छापा, भिंतीवर शेजारी शेजारी लावा आणि मग ठरवा. बैठकीत तोंडी चर्चा करून हे ठरत नाही.

आता छायाचित्राबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुझा निम्मा त्रास तिथून आलाय असा मला दाट संशय आहे. ते सात चेहरे तू चित्रपटातल्या फ्रेममधून उचलले असावेस. हिशेब करून बघ. ए-थ्री कागद २९७ बाय ४२० मिलिमीटरचा. जवळून वाचायच्या चांगल्या छपाईला इंचाला ३०० बिंदू धरतात, म्हणजे चित्र सुमारे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलचं लागतं. फुल एचडी फ्रेम असते १९२० बाय १०८० ची, आणि तीही आडवी. तिच्यातून उभ्या पोस्टरचा तुकडा कापलास तर हातात राहतात जेमतेम ७६४ बाय १०८० पिक्सेल. कागदावर ते इंचाला ६५ बिंदू इतके विरळ पडतात. फोर-के चित्रीकरण असेल तरी १३० च्या आसपासच. पोस्टर लांबून बघतात, त्यामुळे १५० ते २०० वर भागून जातं, पण ६५ वर चेहऱ्याचा चिखल होतो. वर आणखी एक गोष्ट. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणात शटर बहुतेक वेळा १/५० सेकंदावर असतं. पडद्यावर हालचाल मऊ दिसावी म्हणून ते योग्यच, पण गज फिरवणारा हात त्यातल्या प्रत्येक फ्रेममध्ये फिस्कटलेला असतो.

म्हणून पोस्टरसाठी वेगळं छायाचित्र काढा. आईची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीला आणि मुलाला दोन तासांसाठी बोलवा, कपडे तेच, वाद्य तेच. २४ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यात साधारण ६००० बाय ४००० चं चित्र मिळतं. कॅमेरा उभा धरलास तर ते ए-थ्रीला पुरून उरतं आणि ए-टूलाही चालतं. कॅमेरा उभाच धर, आडवं काढून नंतर कापू नकोस. चित्राचा वरचा तिसरा भाग जाणूनबुजून मोकळा ठेव, तिथे फक्त भिंत येऊ दे. शीर्षकाची जागा छायाचित्र काढतानाच ठरली, तर पुढे अक्षरांमागे काळी पट्टी घालायची वेळ येत नाही.

तुझ्या या चित्रात एक अडचण नक्की येणार आहे. हात आणि व्हायोलिन दोन्ही तपकिरी-तांबूस छटांचे. नुसत्या डोळ्यांना ते वेगळे दिसतात, कारण हात जिवंत असतो, हलतो. छायाचित्रात ते एकमेकांत मिसळतात आणि छपाईत आणखी मिसळतात. उपाय प्रकाशात आहे. समोरून उजेड टाकू नका. खिडकीचा उजेड एका बाजूने, जवळजवळ लाकडाला घासून जाईल असा येऊ द्या. मग बोटांची सावली लाकडावर पडते, हातावरच्या शिरा दिसतात आणि हात लाकडावर टेकलेला जाणवतो. आईच्या बाहीचा रंग राखाडी किंवा फिकट निळसर ठेवता आला तर फारच छान. छायाचित्र काढल्यावर लगेच ते कृष्णधवल करून बघ. रंग काढल्यावर हात हरवला, तर उजेडाची जागा बदला आणि पुन्हा काढा. रंगाने वेगळा दिसणारा हात कागदावर दगा देतो, उजेडाने वेगळा झालेला देत नाही.

आणि दोघांकडूनही छायाचित्र प्रसिद्धीसाठी वापरायची लेखी परवानगी घे. चित्रपटात काम करायला होकार दिला म्हणजे ही परवानगी आपोआप मिळत नाही. ते रात्रीचं आकाश इंटरनेटवरून उतरवलेलं असेल तर ते कुठल्या परवान्यावर मिळतं तेही तपासायला हवं होतं, पण आकाश आता जाणारच आहे. या गोष्टीत त्याचं काही काम नाही.

निम्मं पोस्टर काळं का आलं? स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागदाला तो बाहेरून घ्यावा लागतो. तू बहुधा रात्री, अंधाऱ्या खोलीत, ब्राइटनेस पूर्ण वाढवून काम करतेस. तिथे सावलीतले बारकावे दिसतात ते स्क्रीनच्या जोरावर. कागदावर शाईचा प्रत्येक ठिपका थोडा पसरतो आणि गडद भागात हे ठिपके एकमेकांना भिडून मधली फट बुजवतात. नाट्यमय चित्रपटाचं रंगसंस्करण मुळातच गडद असतं, सावल्यांमध्ये निळसर-हिरवा रंग मिसळलेला असतो. तो पडद्यावर खुलतो, कागदावर गढूळ होतो. म्हणून छपाईसाठी छायाचित्राची वेगळी प्रत करायची आणि तिच्यातल्या सावल्या उचलायच्या. मधल्या छटाही थोड्या वर घ्यायच्या. स्क्रीनवर ती प्रत तुला जरा फिकी वाटेल. वाटू दे.

किती उचलायचं हे स्क्रीनवर कळत नाही, छापूनच कळतं. त्यासाठी अख्खं पोस्टर छापायची गरज नाही. चित्राच्या सगळ्यात काळ्या भागापासून हातापर्यंत जाणारी एक उभी पट्टी काप. तिच्या तीन प्रती कर: जशी आहे तशी, थोडी उजळ, बरीच उजळ. तिन्ही एका ए-फोरवर खऱ्या आकारात मांड आणि ज्या छापखान्यात, ज्या कागदावर पोस्टर छापणार आहेस तिथेच तो एक कागद छापून घे. घरच्या प्रिंटरवर किंवा दुसरीकडे काढलेला नमुना तिथल्या यंत्राबद्दल काहीही सांगत नाही. तो कागद दिवसाच्या उजेडात बघ आणि मग जिथे पोस्टर लागणार आहे त्या जिन्यात किंवा व्हरांड्यात नेऊन बघ. दोन्हीकडे चालेल ती पट्टी निवड.

रंग शेवटी सीएमवायकेमध्ये, म्हणजे सायन, मजेंटा, यलो आणि काळा या छपाईच्या चार शायांमध्ये, बदलावे लागतात हे तुला माहीत असेलच. बदल करण्याआधी छापखान्याला त्यांचं कलर प्रोफाइल, म्हणजे त्यांच्याकडे रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल, विचार. ते सॉफ्टवेअरमध्ये घातलंस तर छपाईनंतर काय दिसेल याचा अंदाज स्क्रीनवरच येतो. झळाळता निळा जांभळट होतो, पोपटी विझतो. लाकडाचा तपकिरी रंग त्यामानाने सुखरूप उतरतो, ही तुझी जमेची बाजू. काळ्याचं मात्र नीट समजून घे. मोठा काळा भाग नुसत्या काळ्या शाईने छापला तर तो राखाडी वाटतो. त्यात सायन ६०, मजेंटा ४०, यलो ४० टक्के मिसळले की भरीव काळा मिळतो. चारही शायांची बेरीज शक्यतो ३०० टक्क्यांच्या आत ठेव, नाहीतर कागद वाळत नाही आणि एकाची शाई दुसऱ्याच्या पाठीला लागते. लहान अक्षरांना उलट नियम: फक्त काळी शाई १०० टक्के, बाकी तिन्ही शून्य. चार शायांची लहान अक्षरं केसभर सरकली तरी दुहेरी दिसतात.

नाव मोठं कर म्हणणाऱ्या निर्मातीकडे येते. तिला नाव नीट वाचता येत नाहीये, एवढं खरं. ते लहान आहे म्हणून वाचता येत नाही, की चेहऱ्यांच्या गर्दीत बसलंय म्हणून, हे तिने ठरवायचं नाही, तू ठरवायचं. मोकळ्या भिंतीवर आहे त्याच आकाराचं नाव दीडपट मोठं वाटेल, करून बघ.

देवनागरी शीर्षकाकडे विद्यार्थ्यांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि मला ते फार लागतं. इंग्रजी पोस्टरवर अक्षरं दूर दूर सोडलेली दिसतात, ती ऐट इकडे आणायचा मोह होतो. देवनागरी अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. अक्षरांमधलं अंतर शून्यावर ठेव. शीर्षक रुंद हवं असेल तर मुळात रुंद वळणाचा फाँट शोध, किंवा ग्रुपमधल्या सुंदर अक्षर असणाऱ्या कोणाकडून तरी हाताने लिहून घे. तुमच्या शीर्षकात पहिल्याच अक्षरावर दोन मात्रा आहेत आणि दुसऱ्याखाली दीर्घ उकार, म्हणजे ते वरून आणि खालून दोन्हीकडून जागा मागणार. ओळीची उंची मोजताना मात्रेच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोज. दोन ओळींत बसवणार असशील तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या मात्रेत घुसत नाही ना ते बघ. घुसत असेल तर सबंध ओळ खाली ढकलण्याऐवजी शब्द दुसऱ्या ठिकाणी तोड, बहुतेकदा तेवढ्याने सुटतं.

शिरोरेषेलाच व्हायोलिनची तार करावी, अशी कल्पना कोणीतरी मांडेलच. ऐकताना ती गोड वाटते, पण नको. शिरोरेषा तारेइतकी बारीक केली की खालची अक्षरं लोंबकळल्यासारखी दिसतात, आणि हात-लाकडाचं चित्र जे आधीच सांगतंय तेच शीर्षक पुन्हा सांगत बसतं. शीर्षक साधं, ठाम, वाचता येण्याजोगं असू दे.

अक्षरं उमटताना जोडाक्षरं मोडतात, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, असं होत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोजर चालू आहे का बघ. इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला वर्ल्ड-रेडी कंपोजर म्हणतात. मजकुराची भाषा मराठी अशी निवडलीस तर चांगल्या फाँटमध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. छापखान्याला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे चित्रासारखे आकार करून दे, म्हणजे त्यांच्याकडे तो फाँट नसला तरी बिघडत नाही. मात्र कर्व्ह केल्यावर एक खोड निघते. देवनागरीची शेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर किंचित चढलेली असतात. शीर्षक अर्धपारदर्शक केलंस किंवा त्याला बाह्यरेषा दिलीस, तर प्रत्येक जोडावर बारीक गडद चौकट किंवा रेघ उमटते. स्क्रीनवर ती दिसत नाही, ए-थ्रीवर डोळ्यात भरते. कर्व्ह केलेली सगळी अक्षरं एकत्र जोडून एकसंध आकार कर, मग पारदर्शकता दे. आणि कर्व्ह न केलेली प्रत वेगळी ठेव, कारण कोणाच्या तरी नावातली चूक शेवटच्या दिवशीच सापडते.

खालच्या श्रेयनामावलीसाठी इंग्रजी पोस्टरवरची ती चिंचोळी, उंच अक्षरं देवनागरीत आणू नकोस. दाबून अरुंद केलेलं देवनागरी लहान आकारात बुजतं, ‘दिग्दर्शक’मधला रफार ठिपका होऊन बसतो. पोस्टरवर मोजकीच नावं दे: कलाकार, लेखन, छायाचित्रण, संकलन, संगीत आणि ध्वनी, निर्मिती, दिग्दर्शन. तुमच्या चित्रपटात ध्वनीला एवढं महत्त्व असताना ध्वनी करणाऱ्याचं नाव मागे राहू देऊ नका. बाकी सगळे माहितीपत्रकात. ए-थ्रीवर ही अक्षरं दहा पॉइंटच्या खाली नेऊ नकोस, कारण त्याच पॉइंटचं देवनागरी इंग्रजीपेक्षा बारीक दिसतं. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं येणार असतील तर एक पायरी ठळक वजन घे. शाई चारही बाजूंनी आत येते आणि बारीक रेघा खाते.

सूचनांचं काय करायचं, हा तुझा खरा प्रश्न आहे. ‘कसं वाटलं?’ असं विचारणं आजपासून बंद कर. त्या प्रश्नाला माणूस परीक्षक होऊन उत्तर देतो आणि काहीतरी बदल सुचवणं त्याला भागच पडतं. चित्रपटाशी ज्यांचा काही संबंध नाही अशी पाच-सहा माणसं गाठ. छापलेलं पोस्टर पाच सेकंद दाखव, पालथं ठेव आणि विचार: काय दिसलं? ही माणसं एकमेकांची कोण असतील? नाव काय होतं? त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घे, मध्ये बोलू नकोस, समजावू नकोस. चौघांनी ‘गाण्याच्या क्लासची जाहिरात वाटली’ असं सांगितलं तर ते खरं माना, मग ग्रुपला ते चित्र कितीही आवडलेलं असो. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र बाजूला ठेव. लोकांना खटकतं ते बहुतेक वेळा खरं असतं, त्यावर काय करायचं हे त्यांना माहीत असायची गरज नाही. तुझा दिग्दर्शक ‘चेहरा मोठा कर’ म्हणाला तेव्हा त्याला आई सातांमध्ये हरवलेली दिसत होती. बाकीचे सहा गेले की त्याची तक्रार मिटेल.

एका फेरीत एकच गोष्ट बदल. रंग, फाँट आणि चित्र एकदम बदललंस तर कशामुळे बरं झालं ते कळत नाही. प्रत्येक फेरीच्या फाइलला क्रमांक दे, ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ अशी नावं नकोत. आधीची आणि नवी प्रत शेजारी लावून चार पावलं मागे जा, मग डोळे बारीक करून बघ. काय उठून दिसतं? हात, मग शीर्षक, या क्रमाने नजर गेली की झालं. चित्राबद्दल शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा, नावं-तारखा-मजकुराबद्दल निर्मातीचा, अक्षर आणि मांडणीबद्दल तुझा, असं आजच सगळ्यांसमोर ठरवून घे आणि ग्रुपवर लिहून टाक. यात संकोच करू नकोस. मैत्री टिकवायलाही याचा उपयोग होतो.

पोस्टर मनासारखं झालं की पोस्टकार्ड आणि पत्रक भराभर होतात. पोस्टकार्डाच्या पुढच्या बाजूला तेच चित्र, पण पोस्टर आहे तसं आक्रसून लावू नकोस. हाताच्या आणखी जवळ जा, शीर्षक प्रमाणाबाहेर मोठं ठेव, श्रेयनामावली काढून टाक. मागे तारीख, वेळ, जागा, चित्रपटाची लांबी, भाषा आणि संपर्क. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम), आणि मागची बाजू लॅमिनेशनशिवाय, म्हणजे तिच्यावर पेनाने लिहिता येतं. क्यूआर कोड देणार असशील तर तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती कोडातल्या चार सगळ्यात बारीक चौकोनांच्या रुंदीएवढी पांढरी जागा हवी, आणि गडदावर पांढरा असा उलटा कोड करू नकोस. छापलेल्या नमुन्यावरून दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तपास.

पत्रकाच्या तीन भागांची रुंदी सारखी ठेवायची नसते. आडव्या ए-फोरची २९७ मिलिमीटर रुंदी १००, १०० आणि ९७ अशी वाट, आत दुमडणारा भाग ९७ चा. तिन्ही ९९ केले तर आतला भाग घडीत अडकतो आणि फुगतो. १३० जीएसएमचा कागद नीट दुमडतो, १७० च्या पुढे गेलीस तर घडीवर आधी क्रीझिंग करून, म्हणजे दाबून खाच पाडून घ्यावी लागते, नाहीतर शाई तडकून पांढरी रेघ दिसते. म्हणून घडीवरून गडद रंग शक्यतो नेऊच नकोस. पत्रकात ज्यांना हवं त्यांच्यासाठी कथासार दे, पन्नास-साठ शब्दांचं, शेवट न सांगता. ‘एका आईची हृदयस्पर्शी कहाणी’ असं लिहू नका. डोळ्यांत पाणी यायचं की नाही ते बघणारा ठरवेल. काय घडतं ते लिहा: मुलाची परीक्षा जवळ आलीये, आईला वरचे सूर ऐकू येईनासे झालेत, ती हे कोणाला सांगत नाही. तुझ्या पत्रावरून मी अंदाजाने लिहिलं, तुमची घटना तुम्ही घाला.

महोत्सवांची पानं फक्त निवड झाली असेल त्याच महोत्सवांची लाव, आणि त्यांनी पाठवलेलीच. नुसती प्रवेशिका पाठवली म्हणून पान लावणं ही प्रेक्षकाची फसवणूक आहे, आणि आयोजकांना ती पहिल्या नजरेत कळते.

फाइल देताना: चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग), कुठे कापायचं ते दाखवणारे कटिंग मार्क, आणि कापायच्या रेषेपासून निदान ५ मिलिमीटर आत सगळा मजकूर. ए-फाइव्ह पोस्टकार्ड असेल तर फाइल १५४ बाय २१६ ची होईल. पोस्टरला १७० जीएसएमचा मॅट कागद घे, चकचकीत कागदावर ट्यूबलाइटची रेघ नेमकी हातावर पडते. तीन आठवड्यांपैकी पहिला छायाचित्र आणि पट्ट्यांच्या नमुन्यांना दे, दुसरा शीर्षक आणि त्या पाच-सहा माणसांना, आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला फाइल छापखान्यात गेलेली असू दे. छापखान्यातून पूर्ण आकाराचं एक प्रूफ आल्याशिवाय बाकी प्रती सोडू नका. त्या प्रूफवर प्रत्येकाने आपापलं नाव बोट ठेवून वाचावं आणि शेजारी सही करावी.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण मला ती यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे पोस्टर पाहून ज्यांना स्वतःला ऐकू येत नाही अशी माणसंही येतील, किंवा आपल्या अशा आईला घेऊन कोणी येईल. चित्रपटाला मराठी उपशीर्षकं आहेत का? असतील तर ‘मराठी उपशीर्षकांसह’ ही ओळ पोस्टरवर आणि पोस्टकार्डावर तारखेच्या लगेच खाली, तारखेच्याच आकारात दे. नसतील तर आजच संकलकाशी बोल. संवादांबरोबर व्हायोलिन कधी सुरू होतं आणि कधी थांबतं हेही त्यात लिहायला सांग. २४ मिनिटांच्या चित्रपटाला ते काम दोन-तीन दिवसांत होतं, आणि तुमच्या हातात तीन आठवडे आहेत.

– तुझी ताई